अधिकृत व्यक्ती

हेड ऑफिसच्या बाई आल्या तेव्हा
कूलरमध्ये नुकतंच पाणी टाकलं होतं,
वाळ्याचा वास अजून ओला होता.
म्हणाल्या, आधी फलक दाखवा.

फलक बाहेर, इतवारीच्या उन्हात,
भांड्यांच्या दुकानावरच्या जिन्यापाशी.
वर मोठ्या अक्षरांत ब्रोकर. तो मुंबईत असतो,
मी त्याला कधी पाहिलेलं नाही.
खाली बारीक अक्षरांत मी:
यशोधन हेडाऊ, अधिकृत व्यक्ती.
बाप मागावर बसायचा. त्याला कुणी अधिकृत म्हटलं नाही,
आणि त्यानं विणलेल्या लुगड्यांवरही
नाव शेटजींचंच जायचं.

बाई यादी वाचतात, मी उत्तरं देतो.
टर्मिनल नोंदलेल्या पत्त्यावरच आहे?
आहे. खिळा ठोकल्यासारखं.
कॉन्ट्रॅक्ट नोट तुम्ही देता?
नाही, ती मुंबईहून जाते, सही त्यांची.
अमुक इतका परतावा मिळेल, असं कुणाला सांगितलंत?
बाई, उद्या पारा किती चढेल तेसुद्धा मी सांगत नाही.
त्या हसल्या नाहीत. रकाना भरला.

मग पासबुक.
बोट ओळीवरून ओळीवर उतरत गेलं:
महिन्याला एकदा ब्रोकरकडून माझा वाटा,
वीजबिल, पोरीची फी, पुन्हा वाटा.
ग्राहकाचा एक रुपया नाही.
त्यांनी बरोबरची खूण केली
आणि मला तिथं रुमाल दिसला,

गभणे सरांचा, निळ्या काठाचा,
एक्सपायरीच्या सकाळी, आत चाळीस हजार.
"मार्जिन कमी पडून राहिलं ना बावा,
तू टाक तुझ्या खात्यातून, मी देऊनच तर राहिलो."
आठवीत चक्रवाढ व्याज शिकवलं होतं त्यांनी,
माझ्या उत्तराखाली लाल शाईनं लिहायचे: पायरी चुकली.
मी हात मागे घेतला.
म्हटलं, सर, याला मला हात लावता येत नाही.
बँकेत भरा, तुमच्या खात्यातून जाऊ द्या.
बँकेत टोकन निघालं एकशे बारा.
त्यांचा नंबर लागायच्या आत
मुंबईच्या यंत्रानं त्यांचा सौदा कापून टाकला.
अडीच वाजता भाव वर आला.
तेवढाच, जेवढा हवा होता.

पलीकडच्या बोळात डबा चालतो.
तिथं फलक नाही, यादी नाही, कुठल्या बाई येत नाहीत.
चिठ्ठीवर आकडा, हातात रोख, वरून चहा फुकट.
सर तिकडे गेले नाहीत.
माझ्याकडेही आले नाहीत.
रस्त्यात दिसले की छत्री जरा तिरपी करायचे,
उन्हाच्या बाजूला नाही, माझ्या.

बाईंना शेवटी एकच त्रुटी सापडली:
तक्रारीसाठीचा नंबर उन्हानं उडालाय,
ग्राहकाला तो वाचता आला पाहिजे,
आठ दिवसांत फोटो पाठवा.
संत्रा बर्फी पुढे केली तर नको म्हणाल्या,
तेही नियमात असावं.
पाणी मात्र दोन ग्लास प्याल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आधी
मी स्टुलावर, डोक्याला दुपट्टा, हातात काळा रंग.
स्टूल डुगडुगत होतं, मधेच थांबलं.
खाली पाहिलं तर सरांनी पाय धरलेला,
छत्री बगलेत.
"हा एक आहे का सात?"
सात आहे, सर.
"मग नीट काढ. एक वाटून राहिला."
मी पुन्हा काढला.
त्यांनी खिशातली डायरी दातांनी उघडली,
एक हात स्टुलावरच ठेवून,
आणि सगळा नंबर उतरवून घेतला.